खालच्या ग्रुपातले तिघे

२०२३ सालचा हिवाळा. नोव्हेंबर संपत आला होता, कुवेतमध्ये सकाळी स्वेटर लागायला लागला होता, आणि आमची टीम एकही मॅच जिंकलेली नव्हती.

किस्से कसे साचतात ते आधी सांगतो. ते करायला कोणी जात नाही. दर शुक्रवारी तीच माणसं, तेच मैदान, तीच चहाची किटली. कोणीतरी काहीतरी वेडेपणा करतो, बाकीचे हसतात, पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा सांगितला जातो. काही वर्षांनी बघावं तर स्कोअर कोणाला आठवत नाही. वेडेपणा तेवढा आठवतो.

मी शटरिंगचा मिस्त्री. स्लॅब ओतण्याआधी फळ्यांचा साचा बांधतात, ते काम. शाळा चौथीपर्यंत. तरुण होतो तेव्हा कुवेतला आलो. रिग्गईच्या मागच्या खडीच्या मैदानावर क्रिकेटची टीम मी उभी केली. मी स्वतः फार खेळलो नाही. टीम चालवली. पोरं नावाने हाक मारत नाहीत, मिस्त्रीच म्हणतात.

आमच्या लीगमध्ये दोन ग्रुप, आम्ही वरच्यात. वरच्या ग्रुपात जो तळाला राहतो तो खालच्या ग्रुपात जातो. खालच्या ग्रुपाला ठरलेलं मैदान नाही, ठरलेली वेळ नाही. कंपनीच्या कॅम्पात राहून ड्युटी करणाऱ्या माणसाला ते जमत नाही. खाली गेलेली टीम वर्षभरात मोडते. मी मोडलेल्या पाहिल्या आहेत.

आणि त्या हिवाळ्यात कंपनीने मला सांगून टाकलं होतं की तुझा हा शेवटचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, उन्हाळ्याआधी घरी जा. जायला माझी ना नव्हती. पण मोडकी टीम मागे ठेवून जायचं नव्हतं. एवढंच.

* * *

आमचे तीन चांगले प्लेयर सीझन सुरू होतानाच गेले. दुसरी टीम मॅचनंतर बिर्याणी द्यायची आणि पाठीवर नाव छापलेली जर्सी. आमच्याकडे चहा आणि खबूस, म्हणजे इथली रोटी.

तिघांतला एक निदान भेटायला तरी आला. म्हणाला, "मिस्त्री, मी तिकडे चाललो, पण माझं मन इथेच आहे."

मी म्हटलं, "मन घेऊन जा. टीमचे ग्लव्ह्ज ठेव."

* * *

आमचा कॅप्टन इकबाल. रत्नागिरीकडचा. रिग्गईत त्याचा बकाला आहे, म्हणजे किराणाचं दुकान. टीमच्या सगळ्या मीटिंगा तिथेच, दुधाच्या फ्रिजसमोर.

मी म्हटलं, "खालच्या ग्रुपातून तीन माणसं घेऊ. मी बघून आलोय."

"कोण?"

मी नावं सांगितली. इकबालने हातातला अंड्यांचा ट्रे खाली ठेवला. "मिस्त्री, खालच्या ग्रुपातले घ्यायचे तर निदान तिथले चांगले घ्या. हे तिघं तिथेसुद्धा चालत नाहीत. तुम्ही भंगार गोळा करताय."

"भंगार नाही. सेकंड हँड."

त्याची मुलगी सानिया गल्ल्यावर बसली होती. कॉलेजात शिकते, जन्म इथलाच. मॅचचा स्कोअर मोबाइलवर तीच ठेवते. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. क्रिकेटपेक्षा तिला बेसबॉल आवडतो, अमेरिकेतला, पहाटे उठून बघते.

ती म्हणाली, "पप्पा, धिस इज रिबिल्डिंग. मिस्त्री अंकल इज राइट." मग माझ्यासाठी हळूहळू सांगितलं. तिकडे तळातली टीम पुन्हा उभी करायची असली की छोट्या लीगमध्ये धडपडणाऱ्या पोरांना उचलतात. दहांतले आठ फुकट जातात. दोन लागतात. नाही लागले तरी काय, टीम आधीच तळाला असते.

इकबाल म्हणाला, "तळाला राहिली तर तिकडची टीम खाली जाते का?"

"नो."

"पुढच्या वर्षी तिथेच खेळते?"

"यस."

"मग त्यांना परवडतं. आम्ही तळाला राहिलो की संपलो. यांना सांग."

सानिया माझ्याकडे बघायला लागली. तिच्या बापाचं बोलणं खरं होतं. मी म्हटलं, "चांगले आपल्याकडे येतात का?"

"नाही."

"मग येतात त्यांच्यातूनच घ्यायचे. फळी वाकली म्हणून मी फेकत नाही. उलटी लावतो, फुगीर बाजू वर. काँक्रीटचं वजन पडलं की सरळ होते."

"आणि नाही झाली तर?"

"तर स्लॅब वाकडा."

इकबालने कपाळावर हात मारला. पण तिघांना फोन त्यानेच लावला.

* * *

त्यांची पहिलीच मॅच खाजाभाईच्या टीमशी. ही बनेद अल-गारची हैदराबादी मंडळी. खाजाभाई जाडजूड, गमत्या, पण मैदानावर हिशेबाचा पक्का.

आमच्याकडे सकाळी दहाच माणसं. दोघांना ड्युटीवर बोलावलं होतं. आमच्या लीगमध्ये याला एक रीत आहे. माणूस कमी पडला तर समोरची टीम फिल्डिंगला एक माणूस उधार देते. पुढे कधी त्यांना कमी पडला की आपण द्यायचा. लिहिलेलं कुठे नाही. पण पाळतात सगळे.

मला मागायला आवडत नाही. खाजाभाई स्वतःच आला. "मिस्त्री, आदमी होना? ले लो." आणि एक काटकुळा पोरगा पाठवला.

मला वाटलं, उधारीचा माणूस, कडेला उभा राहील. तिसऱ्या ओव्हरला खुद्द खाजाभाईने बॉल उंच मारला. त्या पोराने मागे पळत जाऊन, आडवा पडून, एका हाताने कॅच घेतला. आपल्याच कॅप्टनचा!

मी खाजाभाईकडे बघत राहिलो. तो बॅट काखेत घेऊन चालत आला. चेहरा शांत.

म्हणाला, "क्या देखते? दिया तो दिया. आधा आदमी नहीं दिया मैंने."

मॅच आम्ही हरलो. ते चालतं. पण एक माणूस देणं राहिलं, ते मला सलत होतं. त्यानंतर जिथे भेटेल तिथे खाजाभाई हसून विचारायचा, "मिस्त्री, मेरा आदमी?" आणि त्याची टीम येताना नेहमी तेरा माणसं घेऊन यायची. फेडायची सोयच नाही.

* * *

तिघांतला पहिला नौशाद. रायगडकडचा, ब्रेडची व्हॅन चालवतो. हाताला वेग होता. पण वाइड! एका ओव्हरमध्ये इतके वाइड की सानियाने मोबाइलवर विचारलं, "अंकल, मे आय स्टॉप काउंटिंग?"

विकेटकीपर चिडून म्हणाला, "नौशाद, बाबा, ब्रेड पोचवतोस ना घरोघर? मग बॉल एका घरी पोचव."

नौशादची जुनी टीम जिथे प्रॅक्टिस करायची तिथे मी जाऊन उभा राहिलो होतो, तेव्हाचं आठवत होतं. तिथे वारा एका बाजूने कापत येतो. टेप गुंडाळलेला टेनिसचा बॉल हलका, वाऱ्याने ढकलला जातो. नौशाद तिथे वर्षानुवर्षं वाऱ्याचा हिशेब धरून टाकत होता. आमच्या मैदानावर त्याच टोकाकडून वारा उलटा लागत होता.

मी इकबालला सांगितलं, "त्याला दुसऱ्या टोकाकडून टाकू दे."

"त्याने काय होणार?"

"तुझं काय जाणार?"

दुसऱ्या टोकाकडून पहिलाच बॉल स्टंपवर. बॅट्समन हललासुद्धा नाही. त्याने आधीच्या ओव्हरचे वाइड बघितले होते, तो बॅट वर करून उभा होता.

नौशाद इतका गोंधळला की त्यानेच अंपायरला विचारलं, "आउट आहे ना हा?"

त्या शुक्रवारी आम्ही पहिली मॅच जिंकलो.  चहाबरोबर त्या दिवशी इकबालने बिस्किटं आणली.

* * *

दुसरा प्रकाश. संगमेश्वरचा, सगळे पक्या म्हणतात. एसी मेकॅनिक. खालच्या ग्रुपात ओपनिंगला यायचा आणि शून्यावर जायचा. आमच्याकडेही तेच. आला, गेला. आला, गेला. एकदा तो बोल्ड होऊन परत येताना मी त्याला विचारलं, "बॉल दिसला का?"

"दिसला ना मिस्त्री. दोन दिसले."

तेव्हा कळलं. हा गुरुवारची नाइट शिफ्ट करून, न झोपता, थेट मैदानावर येत होता. कोणाला बोलला नव्हता. बोललो तर टीममधून काढतील, असं त्याला वाटायचं.

मी म्हटलं, "आजपासून तू नवव्या नंबरला. नौशादच्या व्हॅनमध्ये झोपायचं. सात विकेट पडल्या की उठवू."

"आणि सात पडल्याच नाहीत तर?"

"आपल्या टीमची काळजी तू करू नको. पडतात."

ब्रेडच्या रिकाम्या ट्रेंवर गोधडी टाकून तो झोपायला लागला. उठून आला की ताजा. मारायला लागला. दुसऱ्या टीमचे लोक एकमेकांना सांगायचे, आठवी पाडू नका, व्हॅनमधला येईल. प्रत्यक्षात तो सातवीलाच यायचा, पण भीती असली की हिशेब चुकतो.

याच पक्याचा एक किस्सा आहे. एका शुक्रवारी त्याला खैरानला पाठवलं, दूर समुद्राकाठच्या एका शालेमध्ये, म्हणजे सुट्टीच्या बंगल्यात, एसी बंद पडला म्हणून. मालक म्हातारा कुवेती, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. पक्या काम करता करता सारखा घड्याळ बघत होता. मालकाने विचारलं, काय आहे? पक्याला अरबी चार शब्द येतात. तो म्हणाला, "बाबा, कूरा." म्हणजे बॉल.

म्हातारा खूश. त्याला वाटलं फुटबॉल. "कूरा? यल्ला!" म्हणाला आणि स्वतःच्या मोठ्या गाडीत पक्याला घालून निघाला. इतक्या वेगाने आणला की पक्या म्हणतो, खिडकीबाहेर बघायची हिंमत झाली नाही.

म्हातारा गेला नाही. गाडी मैदानाच्या कडेला लावून तासभर बघत बसला. मी चहा नेऊन दिला. त्याने कप घेतला, मैदानाकडे बोट केलं. विकेटकीपरकडे. "ये गोलकीपर?"

मी मान हलवली.

"दुसरा टीम का गोलकीपर किधर?"

"नहीं है."

म्हाताऱ्याने मैदानभर नजर फिरवली. मग म्हणाला, "मिस्कीन."

आमच्याकडे मिस्कीन म्हणजे बिचारे. त्या दिवसापासून हरलेल्या टीमला आम्ही गोलकीपर नसलेली म्हणतो.

* * *

तिसरा दशरथ. मालवणकडचा, टाइल्स बसवतो. हा कॅच सोडायचा.

सोपे, कठीण, सगळे. हातात येऊन उडायचे. नौशादच्या बॉलिंगवर सुटले, इकबालच्या बॉलिंगवर सुटले. टाइल्सचं काम करणारा माणूस, हात दगडासारखे, त्यावर बॉल आपटून परत जायचा. मी सगळं करून बघितलं. उलटं, सुलटं, उन्हाकडे पाठ, उन्हाकडे तोंड. काही लागू पडलं नाही. त्याची फुगीर बाजू कुठली तेच कळेना.

पोरं चिडवायची. "दशरथ, ग्राउट लाव हाताला, चिकटेल." तो हसायचा आणि जाऊन पुन्हा लाँगऑनला उभा राहायचा. सगळ्यात जास्त कॅच जिथे येतात तिथे.

जानेवारीत इकबाल दुकानात मला म्हणाला, "नौशाद मान्य. पक्या मान्य. तिसरा काढा. तुम्ही चुकलात म्हणायला लाज कसली?"

"लाज नाही."

"मग?"

"कॅच सुटल्यावर बाकीचे काय करतात? पुढच्या ओव्हरला लपतात. बॉल येणार नाही तिथे जाऊन उभे राहतात. तूसुद्धा. हा काय करतो?"

इकबालने फ्रिजचं दार लावलं.

"परत तिथेच जातो. मला एवढं पुरे."

"मिस्त्री, टीम खाली गेली ना, तर हे वाक्य मी सगळ्यांना सांगेन."

"सांग."

बाहेर आलो तर दशरथ दुकानाच्या पायरीशी उभा. सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "मिस्त्री, माका काढलात तरी मी रागावचंय नाय."

मी म्हटलं, "शुक्रवारी लवकर ये. मॅटिंग अंथरायचंय."

* * *

शेवटची मॅच रमजानच्या आधीच्या शुक्रवारी. पुन्हा खाजाभाईची टीम. आम्ही तळापासून दुसरे होतो, पण तळाच्या टीमचे आणि आमचे पॉइंट सारखे. त्यांची मॅच आधीच होऊन गेली होती. आम्ही जिंकलो तर वर राहणार. हरलो तर रनरेटवर खाली.

पहिली बॅटिंग खाजाभाईच्या टीमने केली. नौशादने चांगल्या टोकाकडून चांगलं टाकलं. दशरथने एक कॅच सोडला. आम्हाला आवाक्यातलं टार्गेट मिळालं.

आम्ही बॅटिंगला निघालो आणि खाजाभाई माझ्याकडे आला. त्या दिवशी हसत नव्हता. त्याच्या एका माणसाचा भाऊ गावाहून येत होता, तो एअरपोर्टला गेला. दोघं आजारी. त्याच्याकडे दहा.

"मिस्त्री, आज आदमी होना."

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. इकबाल पॅड बांधत होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दशरथला द्या. त्याला शेवटी बॅटिंग आहे. आणि…" त्याने रिकामी ओंजळ दाखवली. 

मी दशरथलाच बोलावलं. म्हटलं, "तिकडून फिल्डिंगला जा."

तो म्हणाला, "बॉल माझ्याकडे इलो तर?"

"धर."

"मिस्त्री, आपलो माणूस असलो तरी?"

"तिकडचा होऊन उभा राहा. अर्धा माणूस द्यायचा नाही."

तो गेला. खाजाभाईने विचारलं, कुठे ठेवू. दशरथने नेहमीप्रमाणे लाँगऑनकडे हात केला.

मॅच ओढत ओढत शेवटच्या ओव्हरपर्यंत आली. इकबाल चांगला खेळत होता. सहा पडलेल्या, इकबाल स्ट्राइकला. सानिया स्कोअर ओरडून सांगत होती. दोन बॉल झाले, दोन रन आले. चार बॉलमध्ये सात हवे होते. इकबालने पुढचा उचलला. बॅटचा आवाज चांगला आला. आमची पोरं उठून उभी राहिली.

बॉल वर गेला आणि लाँगऑनकडे उतरायला लागला.

दशरथ त्याच्याखाली होता.

नौशाद ओरडला, "सोड रे!" मग दुसराही कोणी ओरडला. मी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं, तेव्हा गप्प झाले.

दशरथने हात वर केले. बॉल आला. हात मागे नेले, छातीशी धरला, आणि बॉलला कवटाळून तसाच खाली बसला. अख्ख्या सीझनमधला त्याचा पहिला कॅच. इकबाल आउट.

 हैदराबादी पोरंसुद्धा क्षणभर ओरडायला विसरली. इकबाल परत येताना माझ्यासमोर थांबला.

"मिस्त्री, फळी सरळ झाली," म्हणाला. "बघून घ्या."

सातवी विकेट. नौशाद व्हॅनकडे पळाला होता. काच बडवून त्याने पक्याला उठवलं. पक्या आला. गालावर ब्रेडच्या ट्रेची जाळी उमटलेली. त्याला काय झालं ते सांगायला वेळ नव्हता. मी एवढंच म्हटलं, "तीन बॉल, सात. आउट झालेल्याचा एंड तुझा."

"इकबालभाईंचा कॅच कोणी घेतला?"

"खेळायला जा."

पहिल्या बॉलवर दोन. दुसरा बॅटला लागला नाही. तिसरा, शेवटचा, त्याने जिवाच्या आकांताने मारला. पुन्हा लाँगऑन.

दशरथ पळाला. अगदी मनापासून पळाला, मागे मागे, आणि उडी मारली. बॉल त्याच्या बोटांच्या वीतभर वरून गेला आणि मैदानाबाहेर उभ्या पाण्याच्या टँकरवर आपटला. सिक्स.

पोरं पक्याकडे धावली. इकबाल पॅड बांधलेल्या पायांनीच धावला. सानिया मोबाइल वर धरून किंचाळत होती, आणि पहिल्यांदाच मराठीत, "राहिलो, राहिलो!"

दशरथ तिथेच उभा होता. धापा टाकत. कोणाकडे जायचं ते त्याला कळत नव्हतं.

खाजाभाई चालत त्याच्यापर्यंत गेला. मनगट धरून त्याला अख्खं मैदान ओलांडून माझ्याकडे घेऊन आला. हात माझ्या हातात दिला.

"मिस्त्री, आपका आदमी."

"पूरा दिया था ना?"

"पूरा."

"फिटलं मग."

"फिटलं," खाजाभाई मराठीत म्हणाला.